हलाल हॉटेल म्हणजे नुसता बार बंद करणं नाही

लोकांना वाटतं मिनीबारमधून दारू काढली, रूमच्या छताला किब्ल्याचा, म्हणजे नमाजाच्या दिशेचा, बाण चिकटवला की झालं हलाल, म्हणजे इस्लामच्या नियमांनी चालणारं हॉटेल, पण खरी डोकेदुखी किचनमध्ये आणि अकाउंट्समध्ये असते. पुडिंगमधलं जिलेटिन कुठल्या प्राण्याचं, व्हॅनिला इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, स्टोअरवाल्याने एकेक लेबल वाचत बसायचं. आणि पैसा? व्याजाचं कर्ज चालत नाही, मग इजारा, म्हणजे बँक बिल्डिंग विकत घेते नि आपण तिला भाडं भरतो. जकात, म्हणजे इस्लाममधलं सक्तीचं दान, २.५ टक्के, पण ती कॅश आणि विक्रीच्या मालावर, बिल्डिंगवर नाही बरं का. कामगाराचा घाम वाळायच्या आत मजुरी द्या असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे, आणि नेमकं पगारालाच सगळे ढिले पडतात राव.