आबांच्या पेन्शनची वर्षं

१६ डिसेंबर २०२५, रात्री

आज विजय दिवस, १९७१ चं युद्ध जिंकलं तो. शाळेच्या पटांगणावर कार्यक्रम झाला. आबा, म्हणजे माझे आजोबा, दिवाळीनंतर गेले, त्यामुळे यंदा पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता. मागच्या वर्षीपर्यंत त्याच रांगेत ते स्वतः बसायचे आणि भाषण लांबलं की शेजारच्या पोराला विचारायचे, "चहा कवा हाय रं?" आज लांबलेल्या भाषणाला अडवायला कोणी नव्हतं. वाघ काय, ढाण्या वाघ काय, मृत्यूच्या डोळ्यांत डोळे घालून काय! पप्पांनी शाल-श्रीफळ घेतलं, मीही टाळ्या वाजवल्या. घरी आल्यापासून मात्र काहीतरी खुपतंय, म्हणून लिहायला बसले.

हिशेब साधा आहे. आबा १९५१ साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, १९७४ साली हवालदार म्हणून घरी आले. म्हणजे फौज २३ वर्षं. त्यानंतर ते ५१ वर्षं जगले. आजच्या सगळ्या भाषणांत त्या ५१ वर्षांना एक वाक्य मिळालं, "निवृत्तीनंतर त्यांनी शेती केली."

तसं आमच्या सातारा जिल्ह्यात फौजी माणसाचं कुणाला अप्रूप नाही. अपशिंगे गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे, 'अपशिंगे मिलिटरी'. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली, त्यांचा स्मृतिस्तंभ तिथे आहे. आमचं गाव खटावच्या दुष्काळी पट्ट्यातलं, तेवढं नाव नसलेलं. पण घरटी एक तरी काळी पत्र्याची ट्रंक आहेच, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. देशप्रेम होतंच, पण पाऊस नव्हता हेही खरं. आबा तर सरळ सांगायचे, "रानात काय पिकत न्हवतं, म्हून गेलो." भरतीला वजन कमी भरेल म्हणून बेळगाव स्टेशनवर केळी खाऊन वर पोटभर पाणी प्यायले होते. हे व्यासपीठावर कोण सांगणार?

१९७१ साली ते जंगी पलटणीत होते, म्हणजे रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये. पूर्व पाकिस्तानात जमालपूरला. ती लढाई पुस्तकांत आहे. आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी पाकिस्तानी कर्नलला शरण यायची चिठ्ठी पाठवली आणि उत्तराच्या चिठ्ठीत गुंडाळलेली बंदुकीची गोळी आली, हा किस्सा आज दोन वक्त्यांनी सांगितला, दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. आबांना विचारलं की म्हणायचे, "ते सायबा-सायबांचं. आमाला मागनं कळलं." १० डिसेंबरच्या रात्री जमालपूरमधली पाकिस्तानी फौज दक्षिणेकडे निसटायला बघत होती आणि ती आबांच्या पलटणीने अडवून धरलेल्या रस्त्यावरच येऊन धडकली. त्या रात्रीबद्दल ते कधीच बोलले नाहीत. मी लहानपणी खूप छळलं, कॉलेजात असताना तर वही-पेन घेऊन बसले. नाहीच.

बोलायचे ते पाण्याबद्दल. ब्रह्मपुत्रा रात्री नावेतून ओलांडली, पलीकडचा काठच दिसेना. आणि गावोगाव घरामागे तळी. "हातभर उकरलं की पानी, पोरी. आन् माती? लोण्यावानी! डिसेंबरात रानं हिरवीगार." खंदक खणताना तळाला पाणी लागायचं. बाकीचे पाय भिजतात म्हणून वैतागायचे, आबा म्हणे बघतच बसायचे.

आणि इकडे १९७२. माळावरची बाभळसुद्धा वाळली होती. आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. पप्पा आणि आत्या रस्त्याकडेला झाडाखाली बसून असायचे. सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी. आबांची मनिऑर्डर यायची, पण पोस्टमन तालुक्याहून येणार कधी आणि पैसे असले तरी विकत घ्यायला गावात धान्य असणार कुठे! आबा सुट्टीवर आले तेव्हा आजीच्या तळहाताला घट्टे होते आणि एका नखाचा पार चेंदा झालेला. ते नख शेवटपर्यंत वाकडंच वाढलं, मी पाहिलेलं आहे.

'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल' ही त्या युद्धाची दोन्ही पदकं आबांनी कधी भिंतीवर लावली नाहीत. आजीच्या बांगड्यांच्या डब्यात पडलेली असायची. आम्ही भातुकलीत त्यांची ताटं करायचो, तेव्हाही ओरडले नाहीत. याला आजच्या वक्त्यांनी विनम्रता म्हटलं. मला वाटतं त्यांना लाज वाटायची. आपण पाण्यात उभे होतो तेव्हा घरात काय चाललं होतं, याची. हे ते कधी बोलले नाहीत, माझा आपला अंदाज. पण घरी येताना हातात पडलेले सगळे पैसे त्यांनी विहिरीत घातले, हा अंदाज नाही. घराची भिंत पडायला आली होती, ती तशीच ठेवून विहीर खोल केली. पाणी लागलं, जेमतेम. पुढे कितीतरी वर्षांनी उरमोडी धरणाचं पाणी पट्ट्यात आलं तेव्हा कालव्याच्या कडेला उकिडवे बसून राहिले होते, जेवायला बोलावलं तरी उठेनात.

माझे आबा याच्याही नंतरचे. पप्पा वाशीच्या मार्केटात माथाडी, मम्मी त्यांच्यासोबत. खोली एवढीशी, म्हणून मला गावी ठेवलेलं. चौथीत असताना आजीच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि माझ्या वेण्या आबांकडे आल्या. पहाटे पाचला "चलो, फॉल इन!" मी पाटावर, ते मागे बाजेवर. केसांना तेल चोपडायचं, फणीने बरोब्बर मधोमध भांग आणि मग वेण्या, कासरा वळल्यागत घट्ट. भुवया वर ओढल्या जायच्या. रिबिनीचं फूल त्यांना जमायचं नाही, म्हणून ते कुठलीशी फौजी गाठ मारायचे. ती गाठ संध्याकाळपर्यंत सुटायची नाही आणि संध्याकाळी त्यांच्याशिवाय कुणाला सोडवताही यायची नाही. युनिफॉर्मला इस्त्री तांब्यात निखारे घालून. कॅनव्हासच्या बुटांना खडू. मग सायकलवरून शाळा. वर्गात मला "हवालदारीण" म्हणायचे. मी घरी येऊन रडले, तर म्हणाले, "हवालदारीण का? सुभेदार मेजर म्हनावं."

आजीचे डोळे बरे झाले तरी वेण्या त्यांच्याकडेच राहिल्या. आजीने परत मागितल्या नाहीत, यांनी दिल्या नाहीत.

पेन्शनचं एक सांगायलाच हवं. ऐंशीला पेन्शन वीस टक्के वाढते, पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस. आबा खूश. "सरकार मला जगायचा पगार देतंय. शंभरीला डबल हाय, बघू." पण दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला. विळ्या-खुरप्याने अंगठ्याच्या रेषा पार गेलेल्या, मशीन काही घेईना. हात धुऊन या, पुसून या, उद्या या. तासाभराने आबांचा आवाज चढला, "मी हितं उभा हाय न्हवं? मग मशीनला इचार, कोन उभा हाय त्ये!" सगळी रांग हसली, काउंटरवरची मुलगीसुद्धा.

नंतर मोबाइलवर चेहऱ्याने दाखला काढता यायला लागला. मागच्या नोव्हेंबरात मीच काढला, ओट्यावर उभं करून. टोपी नीट, छाती बाहेर, एकदम सावधान. ॲप सांगतंय डोळ्यांची उघडझाप करा आणि हे पापणी लववतील तर शपथ! "आबा, डोळे मिटा की!" तर ओठ न हलवता, "सावधानमधी हलत न्हाईत." शेवटी मी "विश्राम!" म्हणून ओरडले तेव्हा कुठे पापणी हलली.

यंदा दाखल्याचा मेसेज आला तेव्हा आबा जाऊन थोडेच दिवस झाले होते. पप्पांनी तो अजून मोबाइलमधून काढलेला नाही.

आजी आधीच गेली, त्यामुळे फॅमिली पेन्शनचा प्रश्न नाही, नुसतं कळवायचं आहे. उद्या पप्पांबरोबर साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायचंय. मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. डिस्चार्ज बुकाची पानं सुटली आहेत, ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली. पहिली गाडी सव्वासहाची.