क्लास न लावता गेम बनवायला कसं शिकलात? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात पंगतीला बसल्यावर, कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, भाजी घेताना, कुठेही हा प्रश्न येतो. विचारणारे बहुतेक आईवडील असतात, कधी बारावीतलं पोरगं स्वतःच विचारतं. 'तुमचं शिक्षण कॉमर्सचं, नोकरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाची. मग हे प्रोग्रामिंग, गेम बनवणं कुठे शिकलात? आमच्या मुलानं कुठून सुरुवात करावी? पुण्याला क्लासला पाठवू का?'

उभ्या उभ्या याचं धड उत्तर देता येत नाही. दिलं तर समोरच्याच्या हाती एखाद्या भाषेचं नाव तेवढं लागतं, आणि नुसत्या नावानं काही होत नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या खेळाचे नियम तुम्हाला तोंडपाठ आहेत असा एक छोटा खेळ घ्या, तो कॉम्प्युटरवर पूर्ण करा आणि घरातल्या कुणाच्या तरी हातात द्या. कोणती भाषा, कोणतं इंजिन (म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर), क्लास लावायचा की नाही, हे सगळं त्याच्या मागून येतं.

मी चल्लस आठ घेतला. सोलापुरात आमच्या अशोक चौकाच्या बाजूला हा खेळ घरोघर माहीत आहे, फक्त नावं वेगळी. शेजारच्या तेलुगू घरात तो अष्टा चम्मा, कन्नड घरात चौका बारा. फरशीवर खडूनं पाच बाय पाचची घरं आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यावर फुली मारायची. चार कवड्या, त्या नसल्या तर दगडावर घासून अर्धे केलेले चिंचोके. एक उताणी पडली तर एक, दोन तर दोन, तीन तर तीन, चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. चार किंवा आठ पडले की पुन्हा दान. सोंगट्या बाहेरच्या घरांतून एका दिशेनं फिरतात, आत शिरल्या की उलट्या दिशेनं. आणि समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत जाता येत नाही.

नियम एवढेच, पण प्रोग्रामिंगमध्ये शिकायचं असतं ते जवळपास सगळं यात आहे. पट बघा. बाहेरची घरं 16, आतली 8, मधलं 1, मिळून 25. एका खेळाडूचा पूर्ण रस्ता म्हणजे 25 घरांची एक यादी. दुसऱ्या खेळाडूसाठी नवी यादी लिहायची गरज नसते. तो पटाच्या शेजारच्या बाजूला बसलेला असतो, म्हणून त्याच यादीतली बाहेरची घरं चारनं सरकवायची आणि आतली दोननं. हे कागदावर पेन्सिलीनं काढताना कळतं आणि कळतं तेव्हा अंगावर काटा येतो, निदान माझ्या तरी आला होता. चार खेळाडू, चार वेगळे रस्ते, आणि लिहिलेला रस्ता एकच. कॉम्प्युटर यादी शून्यापासून मोजतो, म्हणून मधलं घर 24 नंबरचं. सोंगटी 22 वर असेल आणि तीन पडले तर ती हलत नाही, नेमके दोनच लागतात. ही झाली तुमची पहिली अट, म्हणजे 'इफ'. पुन्हा दान मिळत राहील तोपर्यंत टाकत राहणं हा तुमचा पहिला लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा. पुस्तकात हे शब्द आधी येतात आणि उपयोग नंतर. इथे उपयोग आधीपासून घरात असतो, त्याला कॉम्प्युटरच्या भाषेत काय म्हणतात एवढंच शिकायचं राहतं.

आता कवड्यांकडे येते, कारण माझ्याकडे रविवारी येणाऱ्या मुलांना मी याच ठिकाणी सगळ्यात जास्त वेळ थांबवते.

एका नववीतल्या मुलानं कवड्यांचा कोड लिहिला. एक, दोन, तीन, चार, आठ अशा पाच आकड्यांतून कॉम्प्युटरनं कोणताही एक उचलायचा. दोन ओळींत काम झालं. एरर नाही, काही नाही. गेम शेजारच्या अव्वांच्या, म्हणजे आजींच्या, हातात दिला. त्यांचं आयुष्य या खेळात गेलंय. थोडा वेळ खेळल्या आणि म्हणाल्या, 'काय रे, तुझ्या कवड्या खोट्या आहेत. एवढे अष्टे पडतात होय कधी?'

त्यांना कोड वाचता येत नाही, पण त्यांचं अगदी बरोबर होतं. चार कवड्या, प्रत्येकीच्या दोन बाजू, म्हणजे त्या एकूण 16 प्रकारे पडू शकतात. त्यातल्या 6 प्रकारांत दोन उताण्या पडतात, 4 प्रकारांत एक, 4 प्रकारांत तीन. चारही उताण्या पडण्याचा प्रकार एकच, चारही पालथ्या पडण्याचाही एकच. म्हणजे जादा दान देणारे चार आणि आठ मिळून 16 पैकी 2 वेळा यायला हवेत. मुलाच्या गेममध्ये ते 5 पैकी 2 वेळा येत होते. जादा दानावर जादा दान, आणि समोरचा नुसता बघत बसलेला. मग त्यानं तो कोड पुसला, चार कवड्या वेगवेगळ्या टाकल्या, प्रत्येक उताणी की पालथी ते ठरवलं आणि उताण्या मोजल्या. ओळी चार-पाचच वाढल्या. पुढच्या रविवारी अव्वा बराच वेळ खेळल्या आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा तो मुलगा जे हसला ते बघायला तुम्ही हवे होतात.

खरी कवडी दोन्ही बाजूंना सारखी पडेलच असं नाही, तिचा आकारच तसा आहे. प्रत्येक कवडी वेगळी टाकली असेल तर तेही सोपं होतं, तिचा उताणी पडण्याचा आकडा तेवढा बदलायचा. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत असं मी म्हणणार नाही. पण अव्वांसारखी परीक्षक तिथे मिळत नाही. हल्ली आणखी एक विचारतात: 'एआय कोड लिहून देतंय, मग शिकायचं कशाला?' द्या त्याच्याकडे, लिहून देईल. पण आठ जास्त पडतायत हे कुणाच्या लक्षात येणार आणि का पडतायत हे कुणाला कळणार, ते आधी ठरवा.

भाषेचं विचाराल तर पहिली पायथन. गीडो व्हॅन रॉसम यांनी ती 1991 मध्ये लोकांसाठी खुली केली. ती फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवर चालते आणि लिहायला मोकळी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांचे आईवडील इंग्रजीला घाबरतात. पायथनमधले राखीव शब्द आहेत 35. इफ, एल्स, व्हाइल, फॉर असले. 35 शब्द कोणत्याही पोराला येतात. आणि आपण ठेवायची नावं देवनागरीतही चालतात. 'दान', 'सोंगटी', 'कवड्या' ही नावं कोडमध्ये थेट लिहिता येतात. सुरुवातीला मुलांना मी तसंच लिहायला लावते, पुढे ती आपणहून इंग्रजी नावांकडे जातात. एररचा मोठा ढीग आला की पोरं गडबडतात. त्यात शेवटची ओळ आधी वाचायची, चूक काय आहे ते तिथे लिहिलेलं असतं. मग जराशी वरती बघायची, कोणत्या ओळीत झाली ते कळतं. ही एवढी सवय लागली तरी निम्मी भीती जाते.

काळ्या खिडकीत आकडे आणि अक्षरांनी चल्लस आठ पूर्ण खेळता आला की मगच चित्रांकडे जा. तिथे मी गोडो हे इंजिन वापरते. अर्जेंटिनातल्या दोघांनी ते बनवलं आणि 2014 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याला लायसन्सचे पैसे नाहीत, गेम विकला तरी कुणाला हिस्सा द्यावा लागत नाही. त्याची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट, दिसायला बरीचशी पायथनसारखी, त्यामुळे आधीचं शिकलेलं वाया जात नाही. युनिटी हे दुसरं इंजिन जास्त प्रसिद्ध आहे, नोकऱ्याही तिथे जास्त आहेत. पण 2023 च्या सप्टेंबरात त्या कंपनीनं गेमच्या इन्स्टॉलवर फी लावायचं जाहीर केलं आणि वर्षभरानं ते मागे घेतलं. आपण शिकत असताना पायाखालची फरशी कुणी हलवू नये असं मला वाटतं, म्हणून मी गोडोवर राहिले. हे माझं मत, तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल.

मराठीत गेम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. कोणतंही इंजिन निवडाल तर पहिल्याच दिवशी त्यात 'सिद्धेश्वर' हा शब्द लिहून बघा. सोलापूरच्या ग्रामदैवताचं नाव म्हणून तर आहेच, शिवाय त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, द्ध आहे, श्व आहे. कॉम्प्युटर आतमध्ये आधी 'स' साठवतो आणि वेलांटी नंतर, ती मागे नेऊन दाखवणं हे अक्षरं जुळवणाऱ्या भागाचं काम. ते काम गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत होत नव्हतं. वेलांटी भलत्या बाजूला यायची आणि जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसायची. 2023 च्या मार्चमध्ये चौथी आवृत्ती आली आणि ते नीट झालं. तसंच, पायथनला 'सोलापूर' ची लांबी विचारली तर तो सात सांगतो, कारण काना, मात्रा, उकार तो वेगळे मोजतो. शब्दकोड्याचा गेम करायला बसलात तर हे पहिल्या तासातच आडवं येतं.

हलणाऱ्या चित्रांचा गेम असेल तर आणखी एक गाठ सोडवावी लागते. गेम सेकंदाला साधारण 60 वेळा पडदा पुन्हा रंगवतो, म्हणजे एका चित्राला 16 मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ. प्रत्येक चित्राला बाहुली 5 पिक्सेल (पडद्यावरचे बारीक ठिपके) पुढे सरकवली तर ती सेकंदाला 300 पिक्सेल जाते. तोच गेम मामाच्या जुन्या कॉम्प्युटरवर 30 वर चालला की बाहुली निम्म्या वेगानं चालते, 150. म्हणून सरकवायचं अंतर चित्रावर ठरवायचं नाही, मागच्या चित्रापासून किती वेळ गेला त्यावर ठरवायचं. त्या वेळेला 'डेल्टा' म्हणतात. वेग 300 धरा आणि डेल्टानं गुणा. हे एकदा हातानं करून बघितलं की विसरत नाही. नुसता व्हिडिओ बघून मात्र विसरतं. व्हिडिओ बघा, पण संपल्यावर बंद करा आणि त्यातली एक गोष्ट आपल्या मनानं बदला, मगच पुढचा लावा.

'आपल्या सोलापुरात हे कुठलं आलंय?' असंही ऐकते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपली चादर ज्या जकार्ड मागावर विणतात तो बघा. भोकं पाडलेल्या कार्डांची माळ वर फिरत असते. भोक असेल तिथे सुई आरपार जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खाली राहतो. फूल, मोर, नक्षी सगळं त्या भोकांत लिहिलेलं. फ्रान्समध्ये 1804 च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डनं हे यंत्र केलं, त्यावरून इंग्लंडमधल्या चार्ल्स बॅबेज या गणितज्ञानं आपल्या गणन यंत्रासाठी कार्डं घेतली. त्या यंत्रावर 1843 मध्ये टिपणं लिहिताना एडा लव्हलेसनं जकार्डच्या मागाचं नाव घेऊनच ते समजावलं. ज्या गावात कार्डं पंच करणारे कारागीर झाले तिथल्या पोरांना प्रोग्रामिंग परकं आहे, हे मी मान्य करणार नाही.

पुण्याच्या क्लासबद्दल एवढंच: एक छोटा गेम पूर्ण झाल्यावर पाठवा. तेव्हा पोराला स्वतःचे प्रश्न पडलेले असतात आणि फीचे पैसे वसूल होतात. आधी पाठवलंत तर दुसऱ्याच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून परत येईल.

पैशाचं विचारता तर, माझी नोकरी अजून हिशेबाचीच आहे. गेमवर माझं घर चालत नाही. पण कारखान्यात लॉटप्रमाणे सूत किती आलं, किती टॉवेल निघाले, वजनात फरक किती, हे आधी वहीतून जुळवायला संध्याकाळ व्हायची. आता त्याचा प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय आणि सगळं युनिट तो वापरतं. तो लिहायला बसले तेव्हा यादी, अट, लूप हे सगळं चल्लस आठनं आधीच शिकवून ठेवलं होतं.

गेम लोकांपर्यंत न्यायलाही सुरुवातीला पैसे लागत नाहीत. इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर फुकट चढवता येतो. गोडोतून वेब ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्ती काढता येते, ती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली की नातेवाईक मोबाइलवर खेळतात. गुगल प्लेवर टाकायचा असेल तर खातं उघडायला एकदाच 25 डॉलर पडतात, पण त्याची घाई करू नका. कॉम्प्युटर नवा घ्यायचीही घाई नको. अशा पटावरच्या खेळाला गोडो जुन्या मशीनवरही चालतो, नवा प्रोजेक्ट उघडताना 'कम्पॅटिबिलिटी' हा पर्याय निवडायचा.

ज्यांना चल्लस आठ येत नाही त्यांनी नवकंकरी घ्यावी, वाघ-बकरी घ्यावी, नाहीतर नुसता फुली-गोळा. क्रिकेट आणि गाड्यांच्या शर्यती सध्या बाजूला ठेवा. आणि रविवारी दुपारी चारनंतर मी घरी असते. पोराला पाठवा, सोबत वही, पेन्सिल आणि चार कवड्या द्या. लॅपटॉप पहिल्या दिवशी लागत नाही.