शेगावची कचोरी आणि तिचे पंजाबी मूळ

मुंबई-नागपूर मार्गावरील गाडी जलंब सोडून शेगावला थांबते, तेव्हा डब्यातील पुष्कळ माणसे गजानन महाराजांच्या दर्शनासाठी उतरतात आणि पुढे अकोल्याकडे जाणारी कचोरीसाठी खिडकीशी सरकतात. आम्ही दर्शन घेतले, संस्थानाचा महाप्रसाद घेतला आणि उरलेली दुपार, ठरवून आलो होतो त्याप्रमाणे, या कचोरीमागच्या कुटुंबाची गोष्ट समजून घेण्यात घालवली.

वऱ्हाडाची ओळख झालेला हा पदार्थ मूळचा वऱ्हाडी नव्हे. फाळणीच्या उलथापालथीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा १९५० च्या सुमारास शेगावात स्थिरावले आणि रेल्वे स्थानकाच्या आधाराने त्यांनी कचोरीचा व्यवसाय सुरू केला. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाने ज्वारी-कापसाच्या या मुलखात, जिथे आपली भाषा बोलणारे फारसे कोणी नाही, तिथे हॉटेल थाटावे आणि गावाने त्याला आपले मानावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शेगाव निवडल्याचा त्यांना फायदाच झाला असणार. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग या गावातून जातो आणि १९१० मध्ये महाराजांनी समाधी घेतल्यानंतरही भाविकांचा ओघ वाढतच गेला. ऋषिपंचमीला आणि प्रकटदिनाला तर गाव माणसांनी भरून जाते. गाडी मिनिट-दोन मिनिटे थांबते, तेवढ्यात हातात घेता येईल, ज्याला वाटी-चमचा लागणार नाही आणि जे संध्याकाळपर्यंत टिकेल, असेच खाणे फलाटावर खपते. ही कचोरी त्या गरजेत नेमकी बसते. ती चपटी आणि कोरडी असते, आत डाळीचे तिखट सारण असते आणि सोबत चटणीऐवजी तळलेली हिरवी मिरची मिळते. धने-बडीशेपेचा वास आधी येतो, तिखटपणा मागून चढतो. वऱ्हाडी जिभेला हा तिखटपणा परका वाटला नसावा, म्हणूनच ती इथे इतकी रुजली, असे माझे मत आहे.

पुढच्या पिढ्यांनी व्यवसाय वाढवला. आज खामगाव, अकोला, अमरावती, इतकेच काय पुण्यातही ‘शेगाव कचोरी’ अशा पाट्या दिसतात, मात्र त्यांतील प्रत्येक दुकानाचा या घराण्याशी संबंध असतोच असे नाही. गावाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले आणि ते करणाऱ्या माणसाचे नाव मागे पडले, याची मला खंत वाटते. शेगावला जाणाऱ्यांनी महाराजांच्या चरित्राबरोबर तीरथरामांचीही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

कचोरी शक्यतो तिथेच, कढईतून काढल्यावर लगेच खावी. घरी न्यायचीच असेल तर ती पूर्ण निवू द्यावी, कागदात गुंडाळावी आणि खाण्यापूर्वी तव्यावर मंद आचेवर, तेल न घालता, दोन्ही बाजूंनी शेकावी. प्लास्टिकच्या पिशवीत गरम बांधली, तर वाफेने पारी मऊ पडते.