काळी चौकट: सगळंच पाप फिल्टरचं नव्हतं

पोहण्याच्या संघाच्या जुन्या फोटोच्या एआय-दुरुस्तीची पुढची नोंद. उघडे खांदे दिसले की टूलमधला अश्लीलता रोखणारा फिल्टर काम नाकारतो किंवा चित्राऐवजी काळी चौकट देतो, हे आधीचं गाऱ्हाणं. मधल्या माणसाच्या खांद्यावरचा चरा गेला. वरचा फाटका कोपरा अजून लटकलेलाच आहे. आणि ज्या काळ्या चौकटींपायी फिल्टरच्या नावाने इतका शंख केला, त्यांतल्या बऱ्याचशा फिल्टरच्या नव्हत्याच!

आधी क्लाऊडवालं टूल. नियमभंग झाला एवढंच सांगतं, कारण देत नाही. नकार कुठून येतोय ते तीन चाचण्यांत कळतं. मास्क (जेवढा भाग बदलायचा त्यावरची खूण) मागच्या कोऱ्या भिंतीवर ठेवा आणि प्रॉम्प्ट (शब्दांतली सूचना) रिकामा सोडा. तरी अडलं, तर त्याला मूळ फोटोच खटकतोय. भिंत पास झाली, तर मास्क न हलवता नेहमीचा प्रॉम्प्ट घाला. आता अडलं तर शब्द बदला: ‘उघडा खांदा’ काढून ‘सलग ग्रेन, आजूबाजूचाच टोन’ पुरतं (ग्रेन म्हणजे फोटोतले बारीक कण). हेही पास झालं, पण खांद्यावर पूर्ण जनरेशनचा वेळ खाऊन मग नकार आला, तर निकाल तपासणारा फिल्टर आडवा येतोय. या फोटोचं दुखणं तिसरं होतं.

म्हणून लोकल मशीनवर स्टेबल डिफ्युजन १.५ या चित्र बनवणाऱ्या मॉडेलचं इनपेंटिंग (मास्कपुरताच भाग नव्याने भरणं), डिफ्युजर्स या पायथन लायब्ररीमधून. इथे निदान फिल्टर काय करतो ते कोडमध्ये वाचता येतं. तयार झालेलं चित्र २२४ × २२४ला आक्रसून क्लिपला (चित्राचा आशय ओळखणाऱ्या मॉडेलला) दाखवतात आणि त्याची १७ नको असलेल्या संकल्पनांशी तुलना होते. लहान मुलांसाठी ३ वेगळ्या संकल्पना आहेत. त्यांतली एक जुळली की बाकीच्यांचा उंबरठा ०.०१ने खाली येतो. ही कडकाई योग्यच आहे, तक्रार तिच्याबद्दल नाही. तक्रार अशी, की एवढ्याशा चित्रात चऱ्याची दुरुस्ती दिसतच नाही. फिल्टर आपलं काम जोखत नसतो, समोर आलेला तुकडा जोखतो.

आणि तो तुकडा आपणच बिघडवत होतो. ‘पॅडिंग मास्क क्रॉप’ ही सेटिंग ३२ पिक्सेलवर ठेवली होती. मास्कभोवती एवढीच जागा घेऊन क्रॉप मोठा केला जातो आणि तपासणी त्या क्रॉपची होते, मूळ फोटोवर परत चिकटवण्याच्या आधी. म्हणजे फिल्टरला दिसते नुसती कातडी. ना पाणी, ना चेहरे, ना रांगेतली माणसं. पॅडिंग १६० केल्यावर क्रॉपमध्ये टोपी आणि तलावाचा काठ आला, आणि नकार थांबले. बदल्यात चऱ्याच्या वाट्याला पिक्सेल कमी येतात, तपशील थोडा मऊ पडतो.

तरीही काळं येतच होतं. इथेच सगळा वेळ गेला. काळी चौकट दोन कारणांनी येते आणि दोन्ही दिसायला हुबेहूब सारख्या. ओळखायची खूण: निकालासोबत येणारी ‘एनएसएफडब्ल्यू कंटेंट डिटेक्टेड’ (आक्षेपार्ह काही सापडलं का) ही यादी छापून बघा. ‘ट्रू’ असेल तर फिल्टर. ‘फॉल्स’ असून चित्र काळं आणि टर्मिनलवर ‘इनव्हॅलिड व्हॅल्यू एनकाउंटर्ड इन कास्ट’ असा इशारा असेल, तर एफपी१६मध्ये (१६ बिटी आकड्यांत) गणित फाटून नॅन, म्हणजे अवैध आकडे, आलेत. एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६ मालिकेच्या ग्राफिक्स कार्डांवर हे नेहमीचंच. तिथे सगळं मॉडेल एफपी३२वर (३२ बिटी आकड्यांवर) चालवा, मेमरी जवळपास दुप्पट लागेल. एसडीएक्सएल या स्टेबल डिफ्युजनच्या मोठ्या मॉडेलच्या डिफ्युजर्स पाइपलाइनमध्ये तर सेफ्टी चेकर, म्हणजे हा फिल्टर, जोडलेलाच नसतो, त्यामुळे तिथे काळं आलं की आधी व्हीएईकडेच (मॉडेलच्या आकड्यांतून चित्र घडवणाऱ्या भागाकडे) बघायचं. तेवढा एफपी३२ केला की भागतं.

गंमत म्हणजे चरा शेवटी यातल्या कशानेच गेला नाही. गेला तो लामाने (आजूबाजूचं बघून मोकळी जागा भरणारं मॉडेल), आयओपेंट या अ‍ॅपमधून. प्रॉम्प्ट नाही, फिल्टर नाही, काळी चौकट नाही. ६०० डीपीआय स्कॅनवर चरा साधारण १२ पिक्सेल रुंद होता. मास्क दोन्ही बाजूंनी ४ पिक्सेल जास्त घेतला. चऱ्याच्या कडेची पांढुरकी रेघ मास्कबाहेर राहिली की लामा तीच आत ओढतो आणि खांद्यावर धुकट पट्टा उरतो. चऱ्यांसाठी डिफ्युजन लावणं म्हणजे मुंगी मारायला तोफ, हे मत आता पक्कं.

लामाची खोट एकच: ग्रेन पुसतो. त्यावर गिंप या फोटो-एडिटरमध्ये वेव्हलेट डीकंपोज (फोटो बारीक ते ढोबळ तपशिलाच्या थरांत फोडणं), ५ स्केल, आणि पहिल्या दोन थरांवर शेजारचा शाबूत ग्रेन क्लोन टूलने आणायचा. फाइल आधी १६ बिटवर न्या, नाहीतर थर परत जुळवताना सावल्यांत पायऱ्या दिसतात.

हे टाइप करता करता सुचलं: क्रम उलटा का नको? आधी डीकंपोज, मग फक्त खालचा धूसर रेसिड्युअल थर लामाला द्यायचा. लामा ८ बिट परत देईल, पण वरून ग्रेन बसला की पायऱ्या झाकल्या जातील. वरच्या थरांवरचा चरा मात्र हील टूलनेच काढावा लागेल.

कोपऱ्यात अर्धा हात मुळातच नाही, तिथे डिफ्युजनशिवाय इलाज नाही. बेत होता थेट जनरेट करायचा. आता आधी शेजारच्या माणसाचा हात आरशासारखा उलटवून जागेवर ठेवायचा, मग डीनॉइझ (चित्र किती बदलायचं ते प्रमाण) ०.४ ठेवून फक्त सांधा मिळवायचा. पॅडिंग १६०, व्हीएई एफपी३२, आणि यादी प्रत्येक वेळी छापून.