शुक्रवार, दिवे लागायच्या आत

मनुकांचं सरबत गाळून झालं. काळ्या मनुका सकाळीच भिजत घातल्या होत्या. घरी आल्यावर उकळल्या, हाताने कुस्करल्या, मलमलच्या फडक्यातून पिळून काढल्या. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरांत किद्दुश, म्हणजे शब्बाथच्या सुरुवातीची पेल्यावरची प्रार्थना, पिढ्यानपिढ्या याच सरबतावर होत आलाय. दिव्यांना अजून तासभर आहे, तोवर लिहून घेते. एकदा शब्बाथ, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सुरू होणारा आमचा शनिवारचा विसाव्याचा दिवस, लागला की लिहिणंही बंद. मना केलेल्या 39 प्रकारच्या कामांत तेही येतं.

डब्याच्या वेळी आज विषय निघाला, माणसाने केलेली सगळ्यात मोठी गोष्ट कोणती. कुणी चंद्रावर जाणं म्हणालं, कुणी देवीची लस. मी म्हटलं, आठवड्याची सुट्टी. सगळे हसले. मी मनापासून बोलले होते, पण तिथे धड सांगता आलं नाही.

दिवस सूर्यावरून कळतो, महिना चंद्रावरून. सातवा दिवस आकाशात कुठेच दिसत नाही. तो दिला देवाने, पण पाळायचा माणसांनी, आणि ते पाळणंच मला मोठं वाटतं. तोरेतली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली, शब्बाथची आज्ञा वाचताना मी दर वेळी त्या यादीपाशी थांबते: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या वेशीतला परका. पुढे कारणही आहे, तूही मिसरात गुलाम होतास हे आठव. मालकाने विसावा घेतला त्यात काय मोठं! इथे दासालाही मालकाइतकाच विसावा सांगितलाय. रोमच्या सेनेका या तत्त्वज्ञाला हा आळस वाटला. आयुष्याचा सातवा हिस्सा हे ज्यू लोक फुकट घालवतात, म्हणाला.

आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं घरोघरी सांगतात. पोथ्या समुद्रात गेल्या, हिब्रू विसरली, शेमा, ही आमची मुख्य प्रार्थना, तेवढा तोंडी राहिला. आणि शनिवार राहिला. तेल गाळायचा धंदा, पण शनिवारी घाणा बंद. गावांनी नावच पाडलं, शनवार तेली. मला सारखा तो बैल दिसतो. डोळ्यांवरची झापडं काढलेली, मानेवर जू नाही, रोजच्या गोल वाटेबाहेर सावलीत बसून रवंथ करणारा. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला 1890 साल उजाडावं लागलं, तेही नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले तेव्हा. आमच्या बैलाला जे होतं ते त्या माणसांना नव्हतं, हे आठवलं की पोटात कालवतं.

आजी हा दिवस कडक पाळायची. पण शेजारी कुणी अत्यवस्थ झालं की तीच पहिली चपला घालायची. जिवापुढे शब्बाथ मोडायचा, हाही नियमच आहे, म्हणायची.

ग्लासांत पाणी भरून ठेवलंय. त्यावर खोबरेल तेल ओतायचं आहे, वाती वळायच्या आहेत. समोरच्या इमारतीवरचं ऊन गच्चीच्या कठड्यापर्यंत चढलं. पेन ठेवते.