मार्चमधला हरवलेला कमिट

गेल्या जुलैतली गोष्ट. पावसामुळे वाकडच्या पुलावर तासभर अडकलो आणि हिंजवडीतल्या ऑफिसात पोचेपर्यंत साडेदहा वाजले. ग्राहकाची तक्रार त्याआधीच येऊन पडली होती: बिलात एक पैसा जास्त. 252 रुपये 50 पैशांवर 18 टक्के जीएसटी म्हणजे 45.45. केंद्र आणि राज्य असे दोन भाग करून प्रत्येक भाग वेगळा राउंड केला की 22.73 अधिक 22.73, म्हणजे 45.46.

ही चूक टीममधल्या नव्या मुलीने मार्चमध्येच दुरुस्त केली होती. निदान ती तसं सांगत होती. मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर बिलाच्या हिशोबाच्या फाइलचा लॉग उघडला, म्हणजे गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली बदलांची यादी. मार्चमध्ये तिच्या नावाचं काहीच नव्हतं. तिने बदललेली ओळ त्याच फाइलमध्ये शोधून पाहिली, तरी उत्तर रिकामं. "सर, मी टाकलं होतं," ती एवढंच म्हणाली. मॅनेजर काही बोलले नाहीत, पण खोलीत कुणाचाच तिच्यावर विश्वास उरला नव्हता. माझाही नाही.

जेवणानंतर ती वही घेऊन माझ्या डेस्कपाशी आली. कमिटचा, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या त्या बदलाचा, हॅश (ओळख-क्रमांक) तिने लिहून ठेवला होता. गिट शो ही आज्ञा दिल्यावर तो कमिट दिसला. कोडच्या कुठल्या ब्रँचमध्ये (शाखेत) आहे विचारलं, तर गिट म्हणालं, मेनमध्ये, म्हणजे मुख्य शाखेत. कमिट मेनमध्ये आहे, फाइलमध्ये बदल नाही आणि फाइलच्या लॉगमध्ये कमिटचा पत्ता नाही, असं कसं?

कारण आमच्या लॉगवर दोन गाळण्या होत्या. पहिली गिटची स्वतःचीच. लॉगला फाइलचं नाव दिलं की गिट इतिहास सोपा करतं. मर्ज म्हणजे दोन शाखा एकत्र करणं. मर्जनंतरची फाइल एका बाजूशी जशीच्या तशी जुळत असेल, तर ते त्याच बाजूने मागे जातं, दुसरी बाजू दाखवतच नाही. एप्रिलमध्ये कुणीतरी मर्जमधला कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन शाखांतले वेगळे बदल) सोडवताना मेनची प्रत ठेवली होती. तिची दुरुस्ती तिथेच पुसली गेली आणि लॉगच्या दृष्टीने ती बाजूच उरली नाही. फाइलच्या लॉगमध्ये आजच्या फाइलपर्यंत पोचणारी वाट दिसते, मर्जमध्ये टाकून दिलेली बाजू नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

दुसरी गाळणी माझी. गोंगाट नको म्हणून दोन वर्षांपूर्वी मी नो-मर्जेस (मर्ज वगळणारा पर्याय) घातलेला लॉगचा एक एलियस, म्हणजे आज्ञेचं छोटं नाव, बनवला होता आणि टीममधल्या प्रत्येकाला तो कॉन्फिगमध्ये घालायला लावला होता. त्यात मर्ज दिसणं शक्यच नव्हतं. मी काय लपवून ठेवलंय, हे माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.

एलियस बाजूला ठेवून फुल-हिस्टरी (कुठलीच बाजू न सोडणारा पर्याय) आणि ग्राफ (शाखांचं चित्र काढणारा) लावून लॉग काढला. तिचा मार्चचा कमिट आला, आणि खाली-वर शोधता शोधता एप्रिलचा मर्जही सापडला. ती स्क्रीनकडे बघत बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी तिने तोच बदल चेरी-पिक करून, म्हणजे जुना कमिट मेनवर नव्याने लावून, पुन्हा आणला. कमिटच्या संदेशात जुन्या कमिटचा आणि त्या मर्जचा, दोन्ही हॅश लिहायला मी सांगितलं. नो-मर्जेस मी त्याच दिवशी एलियसमधून काढलं. ज्यांना हवं त्यांनी ते दर वेळी हाताने टाइप करावं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये पुन्हा तोच लॉग उघडला, या वेळी पूर्ण, आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली.