परळच्या फुटपाथवर सहा दिवस: सेवेला जाणाऱ्या तरुण संघांसाठी

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अहिल्यानगर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधला आठ तरुणांचा गट सोमवार ते शनिवार मुंबईत सेवेला होता. मुक्काम भायखळ्याला आणि काम परळला, टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आसपास. पुढच्या खेपेला जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत. सहा दिवसांत कुणाचा कॅन्सर बरा होत नाही. पण पेशंटसोबत एकटाच आलेला बाप, भाऊ किंवा बायको यांच्या हाताशी सहा दिवस एक माणूस देता येतो, आणि तिथे खरी टंचाई माणसाचीच आहे.

भायखळा निवडण्यामागे भावनाही आहे. १८१३ साली हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं. या भागातल्या मराठी मंडळ्या त्याच मुळाच्या. पण रोजच्या धावपळीत उपयोगी पडतो तो हिशोब वेगळा. सकाळी लोकलची गर्दी सीएसएमटीकडे जाते आणि संध्याकाळी उलटी. भायखळ्याहून सकाळी परळला जायचं म्हणजे गर्दीच्या विरुद्ध दिशेने, येतानाही तसंच. स्लो लोकल पकडा: चिंचपोकळी, करी रोड, मग परळ. फास्ट गाडी परळला न थांबता थेट दादरला नेते आणि नवखी मुलं तिथल्या पुलावर हरवतात. या भागात रिक्षा चालत नाहीत. सामान असेल तर काळी-पिवळी टॅक्सी. रविवारी परतणार असाल तर मेगाब्लॉक बघून ठेवा.

निघण्याआधी किमान तीन आठवडे पाळकसाहेबांच्या सहीचं पत्र, प्रत्येकाचं नाव, वय आणि आधारची प्रत रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे पोचलेली हवी. पत्राशिवाय गेलेला गट गेटवरच उभा राहतो, आणि ते बरोबरच आहे. आत काय करायचं हे तो विभाग ठरवतो. ‘आम्हाला वॉर्डात जायचंय’ असा हट्ट धरू नका. केमो चालू असलेल्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या असतात, आपली साधी सर्दी त्याला आयसीयूत नेऊ शकते. शिंक, खोकला, ताप असलेल्याने त्या दिवशी मुक्कामावर भांडी घासावीत. तीही सेवाच.

आता कागदांविषयी, कारण अर्धा आठवडा त्यातच जातो. बंगाल, बिहार, झारखंड, विदर्भातून आलेलं कुटुंब फुटपाथच्या रेलिंगला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगून बसलेलं असतं. तिच्यात सगळं आयुष्य: रिपोर्ट, पावत्या, घडी घालून मोडलेली एमआरआयची फिल्म, खाली पोळ्यांचा डबा. पिशवी त्यांच्यादेखत आणि त्यांना विचारून उघडा. बटणाच्या फोल्डरमध्ये रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, सगळ्यात नवा वर. फिल्म सरळ ठेवायला जुन्या कॅलेंडरचे दोन पुठ्ठे पुरतात.

पहिला प्रश्न विचारायचा तो ब्लॉक आणि स्लाइडचा. गावाकडे बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी, झाली असेल तर तो तुकडा मेणात बसवून छोट्याशा प्लॅस्टिकच्या चौकटीत ठेवलेला असतो, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर, त्या स्लाइड. इथले डॉक्टर त्या पुन्हा तपासतात. लोक कागदी रिपोर्ट आणतात आणि ब्लॉक गावच्या लॅबमध्येच राहतो, कारण तो मागायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग कुणीतरी हजार किलोमीटर मागे जातं. आपण आधी लॅबला फोन लावायचा, तिकडच्या नातेवाइकाला चिठ्ठी घेऊन पाठवायचं. ब्लॉक उन्हात ठेवू नये, मेण मऊ होतं.

नोंदणी करताना ‘जनरल’ की ‘प्रायव्हेट’ हे नीट समजावून सांगा. लवकर नंबर लागेल या आशेने घाईत प्रायव्हेट लिहिलं जातं आणि खर्च झेपत नाही. नंतर बदलणं सोपं नसतं. महाराष्ट्रातल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी आरोग्यमित्रांच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसांच्या टेबलाशी न्या. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही बघा. दोन्हींवरच्या नावात फरक असला की काम अडतं. परराज्यातल्यांकडे आयुष्मान कार्ड आहे का ते विचारा. परतीसाठी रेल्वेचा सवलतीचा फॉर्म डॉक्टरांकडून भरून घ्या: उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. हे माहीत नसलेली कितीतरी कुटुंबं पूर्ण तिकीट काढून जातात.

राहायला जागा नसेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आधी सांगा. रुग्णालयाची चिठ्ठी आणि पेशंटची कागदपत्रं लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही, पण नाव तर लावून ठेवायचं.

प्लेटलेट्सबद्दल, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या कणांबद्दल सविस्तर, कारण तरुण गटाकडे देण्यासारखी हीच मोठी गोष्ट. प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि फक्त ५ दिवस टिकतात. म्हणून आठही जणांनी सोमवारी उत्साहात दान करून टाकू नये. रक्तपेढीला विचारून सोमवार ते शुक्रवार रोज एक-दोन जण वाटून घ्या. मशीनवर साधारण दीड तास जातो. रक्त बाहेर येतं, प्लेटलेट्स वेगळ्या होतात, बाकीचं परत शरीरात जातं. वय १८ पूर्ण, वजन ५० किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५ हवं. आधीचे ३ दिवस ॲस्पिरिन नको, वर्षभरात टॅटू नको. हिमोग्लोबिन घरूनच तपासून या. खास करून मुलींची नावं इथेच गळतात आणि त्या हिरमुसतात. आदल्या रात्री वडापाव-भजी टाळा, तेलकट खाल्लं की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ द्रव, दुधासारखा गढूळ येतो आणि दान नाकारलं जातं. सकाळी पोळी-भाजी खाऊन, भरपूर पाणी पिऊन जा. मशीन चालू असताना ओठांना मुंग्या आल्या तर लाजू नका, लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम खाली जातं, गोळी दिली की थांबतं.

जेवण दोनच दिवस द्या, पण नीट द्या. १०० माणसांच्या मऊ खिचडीला ८ किलो तांदूळ, ४ किलो मूगडाळ, दीड लिटर तेल आणि जवळपास ५० लिटर पाणी. हळद, जिरं, मीठ. मिरची नको, केमोने तोंड सोललेलं असतं. खिचडी अर्ध्या तासात आळून गोळा होते, म्हणून उकळतं पाणी वेगळ्या थर्मासमध्ये न्या आणि वाढताना सैल करा. चूल बंद केल्यापासून दोन तासांत वाटून संपवा. कोमट भात पातेल्यात राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि इथला खाणारा आधीच अशक्त आहे. काकडी-टोमॅटो, चिरलेली फळं अजिबात नकोत. केळी आणि मोसंबी अख्खीच द्या, सालीसकट. कचऱ्याच्या पिशव्या आपल्या आपण परत न्या.

ब्लँकेटचे गठ्ठे आणू नका, ठेवायला जागा नसते. साबण, सॅनिटरी पॅड, ओडोमॉस, चटई आणि मोबाइल चार्जिंगची केबल, एवढं खरंच लागतं. रोख पैसे हातात देऊ नका. औषधाचं बिल द्यायचं असेल तर पेशंटच्या फाइल नंबरवर काउंटरला भरा, पावती कुटुंबाला द्या.

प्रार्थनेविषयी स्पष्ट बोलायला हवं. खिचडीच्या ताटासोबत धर्मप्रचाराची पत्रिका द्यायची नाही. भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, आणि नाही म्हणता न येणाऱ्याला दिलेली सुवार्ता म्हणजे ओझं. कुणी आपणहून ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणालं तर तिथेच, हळू आवाजात, दोन वाक्यांत. फोटो काढायचे नाहीत, मंडळीच्या ग्रुपवर टाकायला तर मुळीच नाहीत.

गुरुवारची सकाळ भायखळ्यातच, मदर तेरेसांच्या भगिनींच्या आशादान या निराधारांच्या आश्रमात होती. आधी विचारून जा, सिस्टर सांगतील ते करा: कपडे पिळणं, भरवणं, फरशी.

शनिवार फक्त सोपवण्यासाठी राखून ठेवा. २०० पानी वहीत प्रत्येक कुटुंबाचं एक पान: काय झालं, काय राहिलं, पुढची तारीख कोणती, ब्लॉक आला का. त्यांना विचारूनच लिहा. समाजसेवा विभागाला यादी द्या, वही मुंबईतल्या मंडळीतल्या दोघांकडे ठेवा आणि त्या दोघांना प्रत्येक कुटुंबाशी समोरासमोर भेटवून मगच बॅग उचला. नुसता फोन नंबर देऊन निघालात तर सोमवारी तो नंबर कुणी लावत नाही. अनोळखी माणसाला फोन करून मदत मागणं फार अवघड असतं.